जाणारी तार, येणारी तार

वन्सं गेल्या त्याच्या चौथ्या दिवशी रीळकाकांचा मुलगा भेटायला आला. मुलगा म्हणायचं आपलं, साठी उलटलेला माणूस. खुर्चीच्या कडेला टेकला, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि उठता उठता म्हणाला, "बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, बाईंइतकं खरं माणूस पाहिलं नाही. ते एकोणीस दिवस तेवढे सोडले तर."

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. असती तर बरं झालं असतं, मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्या जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी नुसतं "हं" केलं आणि त्याचा कप उचलून आत गेले. कप धुतला, पुसला, फळीवर ठेवला, तरी तो जिना उतरून जाईपर्यंत मी बाहेर आले नाही. म्हणून आता लिहायला बसले आहे. तोंडाने जमलं नाही ते हाताने जमतंय का बघू.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या चौतिशीच्या होत्या आणि होकायंत्रांच्या वर्कशॉपमध्ये गणितं करायच्या. बायका कुठे कारकून असायच्या, कुठे शिक्षिका. ही काय नोकरी ते मला कळेना. माझ्या आईने तर परस्पर सांगून टाकलं होतं की मुलीची नणंद बँकेत आहे. नणंद म्हटल्यावर मी जय्यत तयारीनिशी आले होते, भांडायच्या. पण भांडणार कुणाशी? या बाईला भाजीत मीठ कमी पडलेलं कळायचं नाही, पडदे बदललेले कळायचे नाहीत. आणि एखाद्या गोष्टीवर बोललीच तर बरोबर बोलायची. कपाट दारातून आत जाणार नाही म्हणाली की ते जायचं नाही. मी दोन माणसं बोलावून, चौकटीचा रंग खरवडून खात्री करून घेतली होती. सदा बरोबर असलेल्या माणसाबरोबर एका घरात राहणं किती अवघड असतं, ते राहणाऱ्यालाच कळतं.

एकदा मी शेंगा चिरत बसले होते. विचारलं, "वन्सं, तुम्ही दिवसभर करता तरी काय?" त्या समोर बसल्या. म्हणाल्या, "हेच. तू शेंगा चिरतेस, मी तार चिरते. कागदावर."

मग सांगू लागल्या. तारेतून वीज वाहायला लागली की तारेभोवती चुंबकासारखी ओढ तयार होते. वीज एकसारखी वाहत असली, कमी नाही जास्त नाही, तर ती ओढही एकसारखी राहते आणि अमुक एका जागी ती किती हे गणिताने काढता येतं. कसं काढायचं? तारेचे मनातल्या मनात बारीक तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याची त्या जागी थोडी थोडी ओढ पोचते. तुकडा जवळ असला तर जास्त, दुप्पट लांब असला तर चौथाई. त्या जागेकडे तोंड करून असला तर शून्य, आडवा असला तर पुरेपूर. शिवाय प्रत्येकाची ओढण्याची दिशा वेगळी. ते सगळे वाटे दिशेसकट एकत्र मिळवायचे.

"सगळे?" मी म्हटलं. "एवढ्याशा तुकड्याने काय होणार?"

"एकाने काहीच होत नाही," वन्सं म्हणाल्या. "पण एकटा तुकडा कधी नसतोच ना."

मग त्यांनी माझ्या चिरलेल्या शेंगा ताटात गोल मांडल्या, मधे मिठाचा खडा ठेवला आणि दाखवलं की गोलातल्या सगळ्या तुकड्यांचा वाटा मधे एकाच दिशेला पडतो, म्हणून तारेचे वेढे गोल घालायचे. त्या दिवशी स्वयंपाकाला उशीर झाला. मला अर्धंमुर्धं कळलं, पण ताट अजून डोळ्यांपुढे आहे.

वर्कशॉपमध्ये एक खोली होती, तिला सगळे 'निर्लोखंडी' म्हणायचे. तिथे लोखंडाचा खिळासुद्धा चालायचा नाही. टेबल लाकडी, खिळे पितळी. आत जाताना किल्ल्या, पट्टे, चष्म्याच्या डब्या बाहेर ठेवायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या डोक्यातल्या अकरा पिना दारातच काढून घेतल्या आणि मी झिंज्या सोडून आत गेले. मधल्या टेबलाच्या दोन बाजूंना माणसाच्या छातीइतक्या उंच दोन गोल लाकडी चौकटी उभ्या होत्या, समोरासमोर. त्यांवर तांब्याच्या तारेचे वेढे. त्यांतून वीज सोडली की दोन्हींच्या बरोबर मध्ये, टेबलावर, ठरलेल्या मापाची ओढ तयार व्हायची, सरळ उत्तरेकडे. तिथे नवं होकायंत्र ठेवायचं. सुई खुणेवर आली तर ठीक. नाही आली तर खालची तबकडी फिरवून खुणेवर आणायची, पक्की करायची आणि पेटीत भरायची. तिथून ती यंत्रं होड्यांवर, लाँचवर जायची.

ती ओढ किती असावी हे वन्संनी काढलेलं. आणि वेढे घातले होते रीळकाकांनी.

रीळकाका वन्संपेक्षा बारा-चौदा वर्षांनी मोठे. आयुष्यभर त्यांनी तार गुंडाळण्याखेरीज काही केलं नाही. रीळ फिरायचं आणि काका मोजायचे. दहा झाले की खडूची एक रेघ. मोजताना त्यांना हाक मारायची नाही असा नियम होता, पण मारलीच तर ते उत्तर द्यायचे: "या वहिनी... सत्तेचाळीस... बसा ना... अठ्ठेचाळीस... घरी बरे आहेत सगळे?... एकोणपन्नास." वर्कशॉपमधले लोक म्हणायचे की काकांना झोपेत ढोसलं तरी ते पुढचाच आकडा सांगतील. दोन चौकटी, प्रत्येकीवर एकशेवीस वेढे. दोनशे चाळीस. वन्संचं गणित आणि काकांची बोटं. वीस वर्षं कुणाला बोट ठेवायला जागा सापडली नाही.

आता त्यांच्या कामातली एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. वेढ्यांपर्यंत वीज नेणारी एक तार असते आणि परत आणणारी एक. जाणारी आणि येणारी. या दोघींचीही ओढ असतेच की. मग ती गणितात का धरत नाहीत? तर या दोन तारा वेणीसारख्या एकमेकींत पिळून न्यायच्या. एकीतून वीज जाते, दुसरीतून उलट येते, दोघी लगत असल्या की एकीची ओढ दुसरी खोडून काढते. बाकी शून्य. वन्सं तरीसुद्धा दर वेळी त्या तारांचं गणित करायच्या. नव्या टेबलाचं, जुन्या टेबलाचं, दुरुस्तीनंतरचं. दर वेळी शून्य. वीस वर्षं शून्य.

एकविसाव्या वर्षी काकांनी जुने झालेले वेढे काढून नवे घातले, आणि त्याच सुमारास वीजपुरवठ्याची पेटी तापते म्हणून पलीकडच्या खोलीत हलवली. तारा लांबवाव्या लागणार होत्या. वायरमनने कागदावर आकृती काढून आणली. छतातून एक जुनी नळी होती, तिच्यात एकच तार मावत होती. म्हणून एक तार छतातून आणि दुसरी जमिनीतल्या खाचेतून, टेबलाखालून. "चालेल ना बाई?" त्याने विचारलं. वन्सं दुसऱ्या एका गणितात बुडालेल्या होत्या. हाताने फिरवायचं गणकयंत्र करकरत होतं. त्यांनी आकृती पाहिली, खाली 'तारांचा परिणाम नगण्य' असं लिहिलं आणि सही केली.

त्यांना घाई नव्हती, दुखत-खुपत नव्हतं, कुणी दटावलं नव्हतं. उत्तर इतकं पाठ झालं होतं की प्रश्न बदललाय हे डोळ्यांना दिसून मनाला दिसलं नाही. ही चूक कच्च्या माणसाच्या हातून झाली नसती. नवशिक्या माणसाने गणित केलं असतं.

अकरा आठवडे त्या टेबलावर होकायंत्रं लागली. मग धुक्याच्या एका सकाळी एक लाँच खडकावर गेली. माणसं वाचली, एकाचा पाय गेला, लाँच बुडाली. तिचं होकायंत्र पाण्यातून काढून तपासलं तर दोन अंश चुकीचं. दोन अंश म्हणजे ऐकायला काय! पण तीस किलोमीटर गेलं की एक किलोमीटर बाजूला. त्या अकरा आठवड्यांतली बाकीची यंत्रं परत मागवली. सगळी दोन अंश.

चौकशी बसली. निर्लोखंडी खोलीला सील लागलं, कागद जप्त झाले. गणित वन्संचं, ते तिघांनी तपासलं. एका आकड्याची चूक नाही. मग उरलं कोण? रीळकाकांच्या वहीत वेढ्यांच्या एका थराच्या पुढे खडूच्या खुणेची नोंद होती पण सही नव्हती. तेवढं पुरलं. 'वेढ्यांच्या मोजणीत दोष संभवतो.' चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं, फक्त चोर कोण हे चोरालाही माहीत नव्हतं.

काकांनी भांडायला हवं होतं. वेढे उलगडून मोजा म्हणाले असते तर? एकदा म्हणाले ते. खोली सील आहे म्हणून नकार मिळाला. पण खरं म्हणजे त्यांनी स्वतःच मान खाली घातली. कबुलीवर सही करताना मालकांना म्हणाले, "बाईंचं गणित चुकायचं नाही. म्हणजे माझीच मोजणी चुकली असणार." निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना ते घरी बसले.

वन्संनी त्या दिवसापासून गणित पुन्हा करायला घेतलं. घरी, जेवणाच्या टेबलावर, आकड्यांची पुस्तकं उघडून. एकेका वेढ्याचे तुकडे, एकेका तुकड्याचा वाटा. दर वेळी तेच उत्तर. माझ्या नवऱ्याने म्हटलं, "ताई, आता पुरे. तुझं बरोबर आहे हे सगळ्यांना मान्य आहे." तर म्हणाल्या, "काकांचंही बरोबर असणार. मग दोन अंश आले कुठून?" काखेत कळसा आणि गावाला वळसा. पाच महिने त्या वेढे तपासत राहिल्या. तारांकडे लक्षच गेलं नाही, कारण तारा म्हणजे शून्य.

पाचव्या महिन्यात सील निघालं आणि चौकशीचे कागद वर्कशॉपमध्ये परत आले. त्यांत परत आलेल्या यंत्रांचा तक्ता होता, तो वन्संनी पहिल्यांदा पाहिला. सुई हलवून सोडली की किती वेळात किती झोके घेते, हे त्या टेबलावर रोज टिपलेलं असायचं, तेही त्यात होतं. झोके अगदी बरोबर होते. म्हणजे वेढ्यांची ओढ पुरेपूर होती. वेढे कमी पडले असते तर सुई मंद झाली असती. ती मंद झाली नव्हती, बाजूला वळली होती. कुणीतरी तिला एका कुशीला ओढत होतं. आणि वेढ्यांना ते करताच येत नाही.

वन्सं खोलीत गेल्या. टेबलापाशी उभ्या राहिल्या, खाली पाहिलं, वर पाहिलं. खाली जमिनीतली तार, एक मीटरवर. वर छतातली तार, दोन मीटरवर. दोन्ही टेबलाच्या लांबीने, सुईच्याच दिशेने धावणाऱ्या. लगत असत्या तर एकमेकींना खोडून काढणाऱ्या तारा, मधे सुई ठेवून खालीवर गेल्या होत्या. आणि अशा गेल्या की दोघींची ओढ एकाच बाजूला पडते, खोडली जात नाही, मिळवली जाते. गणित पाच ओळींचं होतं. उत्तर दोन अंश.

त्या संध्याकाळी घरी आल्या, चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच मला म्हणाल्या, "अगं, काकांचं बरोबर होतं. मी चुकले." आणि सगळं सांगितलं, आत्ता मी सांगितलं तेवढंच. "उद्या सकाळी आधी त्यांच्याकडे जाणार. मग मालकांकडे."

आता माझं सांगते.

माझा नवरा त्या वर्षी छातीच्या आजाराने अंथरुणावर होता. दोन पोरं शाळेत. घर वन्संवर चाललं होतं. मी हात जोडले, रडले, मग भांडले. म्हटलं, तो माणूस मुलाकडे सुखाने राहतोय, त्याचं वय झालंय, त्याने स्वतः कबूल केलंय, आता गाडलेलं कशाला उकरता? वन्संनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी जाणार." सकाळी त्या तयार होऊन दाराशी आल्या तर चपला नव्हत्या. मी त्या गाद्यांच्या कपाटात, अगदी मागे, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवल्या होत्या. हसू नका. मलाही तेव्हा हसू आलं होतं, शपथेवर सांगते. एवढी हुशार बाई चपलांसाठी घरभर वाकून बघत होती.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. खाली बसल्या. मग कामाच्या जुन्या वहाणा घालून वर्कशॉपमध्ये गेल्या, आल्या, जेवल्या. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, पोरांची परीक्षा होऊ दे. नंतर म्हटलं, यांना जरा बरं वाटू दे. रोज काहीतरी नवं. रोजचं कारण लहान असायचं, कुणालाही पटेल असं. वन्सं नकार देत नव्हत्या आणि होकारही. त्या रात्री झोपत होत्या की नाही मला माहीत नाही, मी झोपत होते.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी रीळकाकांची बायको आली. वन्सं रजेवर घरीच होत्या. काकू दारातच उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तर बसेनात.

"बाई, एक काम होतं," म्हणाल्या. "ह्यांना तुमची माफी मागायची आहे. पण घराबाहेर पडत नाहीत. म्हणतात, माझ्यामुळे बाईंच्या गणिताला बट्टा लागला, कोणत्या तोंडाने जाऊ. तुम्हीच या ना एकदा. या आणि म्हणा, चूक कुणाकडूनही होते. तुम्ही म्हटलंत तर ऐकतील."

वन्संचा चेहरा मी पाहिला. त्याचं वर्णन मला करता येत नाही आणि करायचंही नाही. मी आत गेले, कपाट उघडलं, गाद्या उपसल्या आणि चपला आणून त्यांच्या पायांपाशी ठेवल्या. वन्संनी टॉर्चचे दोन सेल घेतले, एक छोटा दिवा, थोडी तार, पितळी डबीतलं आपलं लहानसं होकायंत्र. "तूही चल," मला म्हणाल्या.

काकांची खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकीशी टेबल, टेबलावर एक रिकामी बाटली, तिच्यावर शिवणाचा दोरा गुंडाळलेला. काकू म्हणाल्या, रोज हेच. शंभर वेढे घालतात, मी वेगळे मोजते, दोघांचे जुळतात, तरी ह्यांना पटत नाही. उलगडतात आणि परत घालतात. जिना चढताना पायऱ्या मोजायची सवय होती, तीही सोडली.

काका उठून उभे राहिले. हात जोडले आणि म्हणाले, "बाई, मला माफ करा."

"काका, थांबा," वन्सं म्हणाल्या. "तुमची मोजणी बरोबर होती. चूक माझी आहे."

काका हसले. समजूत काढणाऱ्या माणसाकडे बघून जाणतं मूल हसतं तसं. "माझी समजूत काढू नका. तुमचं चुकायचं नाही."

वन्संनी वाद घातला नाही. टेबलावरची बाटली बाजूला केली, होकायंत्र ठेवलं, सुई थांबू दिली. सेल आणि दिवा जोडला, त्याची जाणारी आणि येणारी तार एकमेकींत पिळली आणि ती वेणी होकायंत्राखालून सुईच्या दिशेने नेली. दिवा लागला. सुई जागची हलली नाही. मग त्यांनी तारा उलगडल्या. एक होकायंत्राच्या खालून, एक वरून, काचेला लागून. मला म्हणाल्या, "ही वरची धर." मी धरली. दिवा लागला आणि सुई बाजूला वळली, वळलेली राहिली.

"ही छतातली," वन्सं म्हणाल्या. "आणि ही टेबलाखालची. या वेगळ्या नेऊ का म्हणून मला विचारलं होतं. मी गणित न करता नगण्य लिहिलं."

काकांनी सेल काढायला सांगितला. सुई परत आली. पुन्हा लावायला सांगितला. वळली. मग माझ्या हातातली तार त्यांनी स्वतः घेतली, दुसरीत पिळली, घट्ट, शेवटच्या इंचापर्यंत, तीस-चाळीस वर्षांच्या सवयीच्या बोटांनी, आणि खाली धरली. सुई खुणेवर आली आणि तिथेच थांबली.

"म्हणजे माझे दोनशे चाळीस होते," ते म्हणाले.

"दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस."

ते खुर्चीत बसले. दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले आणि त्या हातांकडे बघून रडले. काकूंनी खांद्यावर हात ठेवला. वन्सं उभ्याच. मीही उभी. डोळे पुसून काकांनी वर पाहिलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "हे कधी कळलं तुम्हाला?"

आज किंवा काल म्हटलं असतं तरी चाललं असतं. कोण तपासणार होतं? मी वन्संकडे बघत होते.

"एकोणीस दिवस झाले," वन्सं म्हणाल्या.

काका म्हणाले, "सहा महिने मी या बोटांना शिव्या दिल्या, बाई. त्याचं काही नाही. तुम्हाला कुठे माहीत होतं. पण हे एकोणीस..." ते उठले, दारापाशी गेले आणि दार उघडून धरलं. वाईट बोलले नाहीत. फक्त दार धरून उभे राहिले, आम्ही बाहेर पडेपर्यंत.

मी तिथे होते. हाताच्या अंतरावर होते. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की काका, चपला मी लपवल्या होत्या. शेजारणीशी नळाच्या पाण्यावरून तासभर भांडणारी मी. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. वन्संनी सगळं लिहून दिलं. मालक म्हणाले, मिटलेलं प्रकरण आहे. त्यांनी चौकशीवाल्यांकडेही एक प्रत दिली. अहवालातून काकांचं नाव खोडलं गेलं, वन्संचं घातलं गेलं. वन्संची नोकरी गेली. काका परत कामावर गेले आणि उरलेली दीड-दोन वर्षं वेढे मोजून इज्जतीने निवृत्त झाले. ज्याचा पाय गेला होता त्याला वन्सं दोनदा भेटून आल्या. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही. नंतर त्यांनी बत्तीस वर्षं मुलांच्या शिकवण्या केल्या आणि आम्ही उपाशी मेलो नाही. मी जी भीती घातली होती, तिच्यातलं काहीच झालं नाही. काका त्यांच्याशी पुन्हा बोलले नाहीत. रस्त्यात दिसले की मान हलवायचे. वन्संही हलवायच्या.

एकदा, खूप वर्षांनी, मी विचारलं, "वन्सं, तुम्ही त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंत?" त्या वही तपासत होत्या. डोकं वर न काढता म्हणाल्या, "चपला तू लपवल्यास. पाय माझेच होते ना?"

मी तेव्हा गप्प बसले, कारण मला ते सोयीचं होतं. आता त्या नाहीत, म्हणून सांगते: हे त्यांचं दुसरं चुकलेलं गणित. पहिल्यात तारांचा वाटा धरला नव्हता, दुसऱ्यात माझा. एकेक दिवस मी पुढे ढकलत गेले, लहान लहान, प्रत्येकाने काही बिघडणार नाही असा. मीही प्रत्येक वेळी मनात तेच लिहीत होते, जे त्यांनी त्या आकृतीखाली लिहिलं.

रीळकाकांच्या मुलाचा पत्ता मी काल शेजाऱ्यांकडून मिळवला आहे. हे कागद पोस्टाने पाठवता येतील, पण तो वाचेल तेव्हा मला समोर असायचं आहे. त्याने दार उघडून धरलं तर मी निघून येईन. सकाळची बस आहे. चपला दाराशी काढून ठेवल्या आहेत.